इल्यासचा हात कुठवर गेला

त्या उन्हाळ्यात येशिलदेरे गावच्या कहवाखान्यात एकाच प्रश्नावर चर्चा चालली होती, आणि तो प्रश्न दुरसुन पैलवानाच्या विजारीत होता.

विजार म्हणजे किस्पेत, तेल लावून खेळायच्या कुस्तीतली. म्हशीच्या कातड्याची, कमरेत आवळलेली, गुडघ्याखाली दोरीने बांधलेली. अंगभर ऑलिव्हचं तेल ओतून घेतलेला माणूस धरायचा तरी कुठे? दंड सुटतो, मान सुटते, मांडी तर धरल्याधरल्या निसटते. म्हणून मागून किस्पेतीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतलं कातडं मुठीत पकडायचं आणि समोरच्याला उचलून उलटा टाकायचा. हा आमच्याकडचा जुना आणि रीतसर डाव आहे. आत हात घालायला कुणाची ना नाही. आत गेल्यावर काय धरायचं नाही, तेवढंच ठरलेलं आहे.

जत्रेच्या शेवटच्या कुस्तीत कोझलान गावच्या इल्यासने हाच डाव टाकला. दुरसुन चाळीस मिनिटं टिकला आणि एकेचाळिसाव्याला चीत झाला. येशिलदेरेचा पैलवान कोझलानकडून हरला, हे अकरा वर्षांत पहिल्यांदा घडलं. गाव गप्प घरी गेलं. जेवणं नीट झाली नाहीत.

चौथ्या दिवशी दुरसुन घराच्या पायऱ्या उतरता उतरता मधेच खाली बसला आणि उठेना. तालुक्याच्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण सर्जनने यंत्र फिरवून पाहिलं. डाव्या अंडाला रक्तच पोचत नव्हतं, ते आत काळं पडलं होतं. काढण्यावाचून इलाज नव्हता.

"मार लागला होता का?" सर्जनने विचारलं.

दुरसुनने तोंड उघडलं होतं, पण त्याच्याआधी त्याचा मामा बोलला. हुसामेत्तिन मामा म्हणजे गावच्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. "मार? अहो डॉक्टर, पिळलंय! कोझलानच्या त्या इल्यासने आत हात घालून पिळलंय!"

सर्जनने दुरसुनकडे पाहिलं. दुरसुनने मान हलवली. एकदाच, आणि तीही अर्धवट. पण अर्धवट मान कागदावर पूर्ण उतरते.

खरी गोष्ट फक्त दुरसुनला ठाऊक होती. ते दुखणं कुस्तीच्या आठ दिवस आधीच सुरू झालं होतं. शेतात टोमॅटोच्या पेट्या उचलताना कळ आली होती. त्याच्याही आधी दोन महिन्यांपासून संध्याकाळचा ताप, पिंढऱ्यांत ठणका, अंगातून मांस कमी होणं चाललेलं होतं. सांगितलं असतं तर जत्रेतल्या डॉक्टरने नाव खोडलं असतं. दुरसुन चौतिसाचा. पुढच्या वर्षी त्याला शेवटच्या कुस्तीपर्यंत कोण पोचू देणार होतं? तो गप्प राहिला. आणि एकदा गप्प राहिलेल्या माणसाला बोलायला रोज थोडा जास्त जोर लागतो.

शिवाय त्याला काही करावंच लागलं नाही. बाकीचं गावाने केलं.

*

हुसामेत्तिन मामाने चौकशी कहवाखान्यातच लावली. झिहनी न्हाव्याला पँटवर जुनी किस्पेत चढवून टेबलाला धरून ओणवं उभं केलं आणि स्वतः बाही वर सारून मागून हात घातला. अख्खा कहवाखाना चहा विसरून बघत होता.

"पोचलात का मामा?" झिहनीने विचारलं.

"हलू नकोस."

"हलत नाही, पण तुमची अंगठी टोचतेय."

"पोचत नाही," मामाने शेवटी कबूल केलं. "चार बोटं कमी पडतायत."

सगळे हिरमुसले. मग कुणीतरी म्हणालं, मामाचा हात आखूड आहे, लहानपणापासून आहे. इल्यासचा हात बघा. पण इल्यासचा हात आणणार कुठून? तेव्हा झिहनीनेच ओणव्या ओणव्या तोड काढली. इल्यासच्या लग्नाचा कोट तालुक्याच्या ज्या शिंप्याने शिवला, तो झिहनीचा साडू. फोन लागला. बाही सदुसष्ट सेंटीमीटर. मामाची बाही निघाली साठ. सात सेंटीमीटर म्हणजे चार बोटं होतात का, यावर अर्धा तास वाद झाला आणि होतात असं ठरलं. शिंप्याच्या सहीचं माप अर्जाला जोडून मामाने तो तालुक्याच्या कुस्ती समितीकडे धाडला. मागणी दोन कलमी होती. इल्यासला दोन वर्षं मैदानबंदी करावी, आणि येशिलदेरेची हार पुसून टाकावी.

माझं विचाराल तर दुसरं कलम आधी लिहिलं गेलं होतं.

दुरसुनच्या बायकोने, नुरियेने, हे सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मामा, तिथे माप घेत बसलात, इथे माझा माणूस आठवडाभर भाकरीला हात लावत नाही."

"दुःख आहे सूनबाई, दुःख. अन्याय सहन होत नाही त्याला."

"अन्यायाने ताप येतो का?"

मामाने आणखी एक चहा मागवला.

पंधराव्या दिवशी उजवं दुखायला लागलं.

ही बातमी कहवाखान्यात पोचली तेव्हा पहिल्यांदा लोक जरा गोंधळले. हात आत जाऊन तर दोन आठवडे होऊन गेले होते. पण गावाने एकदा ठरवलेलं सहजासहजी मोडत नाही. मामा म्हणाला, "दोन्ही पिळली त्याने. डावं नाजूक, लगेच गेलं. उजवं सोशिक, आत्तापर्यंत धरून होतं."

"एका हाताने दोन्ही?" झिहनीला शंका आली.

"तू एका मुठीत दोन अक्रोड फोडत नाहीस का?"

झिहनी फोडत होता. शंका मिटली.

*

या वेळी तालुक्याच्या सर्जनने हात वर केले आणि शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डॉक्टर फेरिदेबाई होत्या. बुटक्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या, आणि समोरचा खोटं बोलतोय हे कळलं की उगाच पेन टिकटिकवणाऱ्या.

"कधीपासून दुखतंय?"

"कुस्तीपासून," मामा म्हणाला.

"तुमचं दुखतंय का?"

"मी सख्खा मामा आहे त्याचा."

"मग सख्ख्या मामाने खुर्चीत बसावं." त्या दुरसुनकडे वळल्या. "तू सांग."

दुरसुनने खाटेभोवती पाहिलं. मामा, झिहनी, मावशी, मावशीची सून, आणि नुरिये. सहा महिने तालीम मंडळाने त्याला जेवू घातलेलं, गावाने अर्ज केलेला, बाहीचं माप जोडलेलं. आता या सगळ्यांसमोर कुठून उलगडायचं?

"कुस्तीपासून," तो म्हणाला.

पेन टिकटिकलं. "हे बघ, तो हात आत जाऊन आज एकोणीस दिवस झाले. कुणी पिळलं असेल तर त्याच दिवशी कळायला हवं. एकोणीस दिवसांनी उजवं दुखायला तो काय आत घड्याळ लावून गेला?"

"कोझलानचे लोक काय करतील सांगता येत नाही," झिहनी म्हणाला.

फेरिदेबाईंनी झिहनीकडे असं पाहिलं की तोही खुर्चीत बसला.

तपासणी झाली. उजव्यात एका बाजूने रक्त येत होतं, दुसऱ्या बाजूने नव्हतं. काढलेल्या डाव्याचा तुकडा तपासायला गेलेला, त्याचा निकाल आणखी आठवडाभर येणार नव्हता. "मारामुळे आत गाठ धरली असेल तर उघडून मोकळी करता येईल," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारी दोन वाजता उघडते. राखण्यासारखं असेल तर राखू. नाही तर..."

"नाही तर काय?" नुरियेने विचारलं.

नुरियेच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष दुरसुन एदिर्नेच्या मोठ्या कुस्ती-मैदानाच्या तयारीत, दुसरं वर्ष खांदा निखळून, तिसरं तालीम मंडळाच्या पथ्यात. मूल पुढच्या हंगामानंतर, असं दर हंगामाला ठरत आलेलं. नुरियेने सगळ्यांना खाटेपासून मागे सारलं, नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, "पैलवान, तुला मारायची ती मैदानं मार. पण हे एक माझंही आहे, एवढं लक्षात असू दे."

*

ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाने हक्क हलाल करून घ्यायचे असतात. म्हणजे आयुष्यात कुणाचं काही आपल्याकडून दुखावलं, बुडालं, राहून गेलं असेल, तर त्याने "हलाल असो" म्हणून ते सोडून द्यायचं, आणि आपणही त्याचं सोडून द्यायचं. कुस्तीआधी पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून हेच म्हणतात. हज्जला जाणारा म्हणतो, फौजेत जाणारा म्हणतो. भूल उतरली नाही तर वर हिशेब लांबू नये, एवढाच हेतू.

सकाळी नऊपासून येशिलदेरे खाटेशी येऊन गेलं. आणि आमच्या लोकांची गंमत अशी की हक्क सोडायला आलेला माणूस स्वतःचंही जुनं काहीतरी हळूच उतरवून जातो.

शेजारी म्हणाला, "हलाल असो दुरसुन. तुझ्या कुंपणातलं अंजीर दर वर्षी पक्षी खातात असं तुला वाटतं ना? तेही हलाल कर."

मावशी म्हणाली, "तुझ्यासाठी आधी जी मुलगी बघितली होती, तिच्या घरी तू दारू पितोस असं मीच कळवलं. मला ती आवडली नव्हती. हलाल कर बाळा." नुरियेने मावशीचा हात धरून दोनदा दाबला.

हुसामेत्तिन मामाने घसा साफ केला. "तू सहा वर्षांचा असताना विहिरीत पडलास ना, बकरीने ढकललं म्हणून? ती बकरी नव्हती."

"मला माहीत आहे मामा."

"माहीत होतं?"

"बकरीला अंगठी नसते. हलाल असो."

मामा हेलावला. डोळे पुसण्यासाठी तो खिडकीकडे वळला, आणि म्हणून दारात कोण आलं ते त्याला सगळ्यांत शेवटी दिसलं.

दारात इल्यास होता. सव्वीस वर्षांचा, खांद्याने दार भरणारा. एका हातात केळ्यांची पिशवी, दुसऱ्यात लिंबाच्या वासाच्या कोलोनची बाटली, जशी कुठल्याही आजाऱ्याकडे नेतात. इस्पितळात यायचं म्हणून लग्नाचा कोट घातलेला. मामाची नजर आधी त्याच्या तोंडाकडे नाही, बाहीकडे गेली.

"बाहेर हो," मामा म्हणाला.

"राहू द्या," दुरसुन म्हणाला.

इल्यास पुढे आला. केळी आणि बाटली त्याने खाटेशेजारच्या टेबलावर ठेवली. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून ते पाठीमागे नेले.

"दुरसुन दादा, टळलं म्हणून समज. बरा होशील." तो थांबला. "मी तुझ्याकडे हलाल मागायला आलोय."

"कसला?"

"मी तेव्हापासून सारखं आठवतोय. तेल होतं, घाम होता, चाळीस मिनिटं झालेली, तू हलता हलत नव्हतास. मी कातडंच धरलं होतं. धरलं होतं असं मला वाटतं. पण सगळे म्हणतात तेव्हा... माणसाला काय कळतं त्या वेळी? गेलाही असेल हात." तो रडायला लागला. "माझी आई म्हणते, खरं सांग. मी म्हणतो, आठवत नाही. त्या दिवसापासून मी या हाताने पाव तोडला की ती ताटावरून उठते. तू माझ्यामुळे... तुझं घर... हलाल कर दादा. बंदी घालू दे दोन वर्षं, मी तक्रार करणार नाही. पण हे हलाल कर."

मामाच्या तोंडावर विजय होता, पण तो विजय कसा चेहऱ्यावर ठेवायचा हे त्याला जमत नव्हतं, कारण पोरगा रडत होता.

दुरसुनला एकच शब्द बोलायचा होता. "हलाल असो." म्हटलं की संपलं. अर्ज खरा ठरला, हार पुसली, गाव उभं राहिलं, आणि गप्प राहण्याचं ओझं कायमचं गाडलं गेलं. त्याने शब्द जिभेवर घेतला. पण जे या पोराकडे आलंच नव्हतं, ते माफ करायचं कसं? माफ केलं, तर तो आयुष्यभर कर्जाशिवाय कर्जदार राहणार, आणि आपण भूल घेऊन दोन वाजता वर जाणार ते हे पाप खिशात घालून. आणि वर ज्याच्यापुढे उभं राहायचं, तो काय झिहनीला ओणवं करून बघणार होता?

"तुझा हात तिथे गेला नाही," दुरसुन म्हणाला.

"दादा, तू माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी नाही, गाढवा. गेला नाही. तू कातडं धरलंस. मला दुखत होतं ते आधीच. कुस्तीच्या आठ दिवस आधी."

"भूल दिली का याला?" मामाने मावशीला विचारलं.

"किती दिवस आधी?" दारातून आवाज आला. फेरिदेबाई सहीचे कागद घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. या वेळी पेन टिकटिकलं नाही.

"आठ."

"ताप?"

"संध्याकाळी. दोन महिने."

"वजन?"

"किस्पेतीला दोन नवी भोकं पाडली मी," नुरियेने सांगितलं. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "एकदा एप्रिलमध्ये, एकदा जूनमध्ये. तेव्हा म्हणाला, पैलवान हंगामात सुकतो."

बाईंनी चादर बाजूला केली. पिंढऱ्यांवर जांभळी नक्षी होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. "हे कधीपासून?"

"तेलाने झालं असेल."

"तेलाने! डाव्या पायाचा अंगठा वर उचल." अंगठा उचलला जाईना. दुरसुनने जोर केला, मान लाल झाली, अंगठा जागचा हलला नाही. दंडाला पट्टा आवळून रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला. बाईंनी डोक्यावरचा चष्मा पहिल्याच प्रयत्नात शोधला, तेव्हा नर्सलासुद्धा प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"दोनचं ऑपरेशन रद्द," त्या म्हणाल्या. मग मामाकडे, झिहनीकडे, सगळ्या येशिलदेरेकडे वळल्या. "ऐका, म्हणजे परत माप घ्यायला नको. अंगात रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांच्या भिंतींना आतून सूज आली की वाट बुजते. जिकडे वाट बुजली तिकडचं मांस उपाशी मरतं. याच्या डाव्या वृषणाची वाट अशी बुजली. पायाच्या नसांची बुजत चाललीय, म्हणून अंगठा उचलत नाही. मूत्रपिंडांचीही बुजू शकते. कुणी पिळलेलं नाही. याचं शरीर याच्याच नळ्यांवर उलटलंय. कापून ही आग विझत नाही, औषधाने विझवावी लागते, आणि ती आज, आत्ता." त्या पुन्हा दुरसुनकडे आल्या. आवाज खाली आला. "हे पहिल्याच दिवशी त्या सर्जनला सांगितलं असतंस, तर डावंही कदाचित राहिलं असतं. मी कदाचित म्हणतेय."

दुरसुनने छताकडे पाहिलं. नुरिये खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

या गडबडीत इल्यासला सगळे विसरले होते. तो खाटेच्या पायथ्याशी तसाच उभा होता. चेहऱ्यावरचं रडं हळूहळू गेलं आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं. आता मी मागतो, इल्यास. तू हलाल कर."

इल्यासने पाठीमागचे हात पुढे आणले आणि दोन्हीकडे बघितलं, जणू ते बऱ्याच दिवसांनी परत मिळाले होते. "नाही करत," तो म्हणाला. टेबलावरची केळी उचलली, कोलोनची बाटली तिथेच ठेवली, आणि निघून गेला.

*

सलाइनमधून औषध तीन दिवस चाललं, मग गोळ्या. दुसरं एक कडक औषध द्यायचं होतं, पण ते बीजाला मारक, म्हणून बाईंनी आधी बीज साठवून ठेवायला लावलं. हुसामेत्तिन मामाने हे ऐकून विचारलं, "म्हणजे आपण पेरणीचा गहू ठेवतो तसं?" बाई म्हणाल्या, "तसंच." मामाला वैद्यकातलं एवढंच पटलं. त्याने डबा कोरडा आहे ना, एवढी खात्री करून घेतली.

आठवड्याने डाव्याचा निकाल आला. सुजलेल्या भिंती, बुजलेल्या नळ्या, माराचं चिन्ह कुठेही नाही. औषधाच्या सोळाव्या दिवशी बाईंनी उजव्यावर यंत्र ठेवलं. पडद्यावर लाल-निळं चमकलं आणि यंत्रातून आवाज आला, ओढ्याला पाणी सुटल्यासारखा. फुस्, फुस्, फुस्.

"हे रक्त?" नुरियेने विचारलं.

"हे रक्त. दोन्ही बाजूंनी."

नुरियेने बाईंना आवाज वाढवायला सांगितला.

गोळ्यांनी दुरसुनचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं होतं. वर्षभर तरी त्या चालणार होत्या, आणि मैदानावरच्या तपासणीत तसल्या गोळ्या पकडतात. बाईंनी कुस्तीचं नाव काढू नकोस म्हणून सांगितलं. त्याने काढलं नाही. त्याला दुसरीच काळजी होती. समितीची सुनावणी शुक्रवारी होती आणि मामाने अर्ज मागे घेतला नव्हता.

"माणूस ऑपरेशनच्या भीतीने काहीही बोलतो," मामा कहवाखान्यात सांगत होता. "डॉक्टरच्या कागदाचं काय? कागद म्हणतो माराचं चिन्ह नाही. इल्यासने चिन्ह न ठेवता पिळलं असेल."

शुक्रवारी नमाजानंतर कहवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती. समितीचे तिघे, एका बाजूला येशिलदेरे, दुसऱ्या बाजूला कोझलानचे सात जण, मधे इल्यास. नुरियेने दुरसुनला गाडीतून आणलं. तो काठी टेकत आत आला, तेव्हा अर्ध्या लोकांनी त्याला ओळखलंच नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांनी ओळखून मान फिरवली.

तो उभ्यानेच बोलला. दुखणं आठ दिवस आधीचं, हे सांगितलं. टोमॅटोच्या पेट्यांचं सांगितलं. ताप सांगितला. सर्जनसमोर मान हलवली, तीही सांगितली. समितीचा अध्यक्ष सगळं लिहून घेत होता.

"म्हणजे इल्यासवर ठपका नाही?"

"नाही."

आणि इथे हुसामेत्तिन मामा ताडकन उठला. हरलेल्या कुस्तीतही ज्याला डाव सुचतो असा माणूस. "थांबा! मग तर आणखीच सोपं झालं. आमचा पैलवान आजारी होता! ताप होता, पाय लुळा पडत होता! आजाऱ्याला पाडणं ही काय कुस्ती? कुस्ती बाद करा!"

येशिलदेरेतून आवाज उठला. बरोबर! बाद! झिहनीने टेबलावर हात आपटला. अध्यक्षाने पेन थांबवलं आणि दुरसुनकडे पाहिलं. कोझलानचे सातही जण उठून उभे राहिले.

दुरसुनला क्षणभर वाटलं, हे खोटं तर नाही. आजारी होतो हे खरंच. खरं बोलूनही हार पुसली जात असेल तर कोणाचं काय बिघडलं? मामाने डोळ्याने खुणावलं. नुरिये दाराशी उभी होती, तिने काही खुणावलं नाही. तिने नुसतं हातातल्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"आजारी होतो हे मला माहीत होतं," दुरसुन म्हणाला. "त्याला नव्हतं. मी लपवून उतरलो. चाळीस मिनिटं मी त्याला थकवलं, शेवटी त्याने डाव धरला. चांगला धरला. बरा असतो तरी सुटलो नसतो."

"असं कुठे असतं," मामा पुटपुटला.

"नक्की काय लिहू?" अध्यक्षाने विचारलं.

आमच्याकडे पैलवान "मी हरलो" असं म्हणत नाही. त्याला एक वेगळं वाक्य आहे, आणि ते नेहमी दुसऱ्याबद्दल वापरायचं असतं. स्वतःबद्दल ते उच्चारलेलं येशिलदेरेत कुणी ऐकलं नव्हतं.

"लिहा," दुरसुन म्हणाला, "माझ्या पोटाला आभाळ दिसलं."

अध्यक्षाने लिहिलं. झिहनीने कपाळावर हात मारला. मामाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, जणू घरात कुणी गेलं होतं.

इल्यास बराच वेळ पेल्यातला चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती. सगळा कहवाखाना त्याच्या चमच्याकडे बघत होता, आणि तो हे ओळखून अजून थोडं ढवळत होता. मग तो उठला, दुरसुनसमोर आला, आणि मैदानात करतात तसा त्याच्या मानेवर हात ठेवला.

"माझा हक्क हलाल असो, दादा."

दुरसुनने श्वास सोडला.

"माझा," इल्यास म्हणाला. "आईचा मी कसा सोडू? पंधरा दिवस ती माझ्यासोबत जेवली नाही. तिचा तिच्याकडे मागायचा. स्वतः येऊन."

"आज?"

"ती वाट बघतेय. मी कालच सांगून ठेवलंय."

नुरियेने गाडी सुरू केली. दुरसुन काठी आत ओढून बसला, भोपळ्यासारखं तोंड पुढे करून रस्त्याकडे बघत राहिला. कोझलान सहा किलोमीटर.

"काय विचारेल ती?" त्याने विचारलं.

"सगळं," नुरिये म्हणाली. "म्हातारी जरा बहिरी आहे म्हणतात. मोठ्याने सांगायला लागेल."

"शेजारीपाजारी असतील का?"

"सुनावणीची बातमी गेलीय. गाव जमलं असेल." तिने गिअर टाकला. "पैलवान, आधी डावं सांग. उजव्याचं मी सांगते."